डॉक्टरीणबाईंच्या खळ्यातली आसनं

१९ जानेवारी १९५९, सोमवार

चौथीच्या वर्गात हातातून खडू पडला. उचलायला वाकले आणि अर्ध्यातच अडकले. वर नाही, खाली नाही. बाई काहीतरी शोधतायत असं समजून मुलीही बसायच्या पट्ट्या उचलून शोधायला लागल्या. टेबल धरून कशीबशी सरळ झाले. एक्केचाळीस हे काही कंबर जायचं वय नव्हे.

संध्याकाळी नव्या डॉक्टरांकडे हळदीकुंकू. दिवाळीनंतर शिरोड्यात आलेत. बायको मिरजेची, अठ्ठावीसेक वर्षांची, ठासून बोलणारी. वाण देऊन झाल्यावर म्हणाली, "बुधवारपासून आमच्या खळ्यात बायकांसाठी आसनांचा वर्ग घेणार आहे. सोमवार, बुधवार, शनिवार. साडेपाच वाजता. लहानपणी आमच्या गल्लीत एक गुरुजी शिकवायचे, भावाबरोबर मीही शिकले."

सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मी हो म्हटलं. खरं तर मी नाही, कंबरेनं म्हटलं.

२१ जाने., बुध.

पहिला दिवस. लिहून ठेवते, पुढे हसायला होईल.

चार वाजता सा.बा.नी केलेले घावणे खाल्ले. (सा.बा. म्हणजे सासूबाई. वहीत एवढंच लिहीन.) तीन घावणे, नारळाच्या रसात बुडवून. ही चूक नंबर एक. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न तो विचारला, "कोण काय खाऊन आलंय?" मी खोटं बोलले. पुढे वाकताक्षणी घावण्यांनी खरं सांगितलं.

घरापुढचं खळं सारवलेलं, रस्त्याच्या बाजूनं माडाच्या झापांचा आडोसा. आम्ही तिघी. मी, तलाठ्यांची विमल (लग्नाला वर्षही नाही, सारखी खिदळते) आणि बाजारातल्या दुकानाच्या गोदाक्का (अंगानं भरलेल्या, श्वास लागतो). तिघी गोल पातळातल्या. पाय वीतभर फाकवायचे तर पातळ म्हणतं, नाही. विमलने निऱ्या वर खोचल्या, मग लाजून परत सोडल्या. डॉ.बाई स्वतः पाटावर बसून तोंडानं सांगतात, हातानं दाखवतात. करायचं आपण.

सरळ उभं राहायचं, बस. ताडासन. यात काय शिकायचंय असं वाटलं. अर्ध्या मिनिटात कळलं की गेली वीस वर्षं मी डाव्या पायावर उभी राहून शिकवते आहे.

"दुखेपर्यंत जायचं, दुखवायला जायचं नाही. आणि तुमच्याकडे कुणी बघत नाहीय," डॉ.बाई म्हणाल्या. खोटं. आम्ही तिघी एकमेकींकडेच बघत होतो. गोदाक्कांचा तोल गेला, त्यांनी विमलला धरलं, विमलनं मला, आणि तिघी खाली बसलो. पोट दुखेपर्यंत हसले. शेवटची अशी केव्हा हसले होते, आठवत नाही.

२२ जाने., गुरु.

उठता येईना. जिथे अंग आहे हेही माहीत नव्हतं तिथे दुखतंय. मांडीच्या मागे, काखेखाली.

सा.बा.: "काय केलंस थंय? भात मळलंस?"

२४ जाने., शनि.

आज गुडघे पोटाशी घेऊन पाठीवर निजायचं होतं. आसनाचं नाव पवनमुक्त. नावात सगळं आलं. गोदाक्कांचा पवन मोठ्यानं मुक्त झाला. झापापलीकडे कुणाची तरी गाय हंबरली. मग डॉ.बाई पाटावरून गंभीर आवाजात म्हणाल्या, "आसन बरोबर जमलंय. सगळ्यांनी असंच करा."

पुढची दहा मिनिटं कुणालाच आसन जमलं नाही. गोदाक्का सर्वांत जास्त हसल्या.

श्वासही शिकवला. एवढी वर्षं घेतेय, तोही उलटा घेत होते म्हणे. आत घेताना पोट आत ओढायची. आता बाहेर सोडायचं. डोकं गरगरलं. घरी येऊन चुलीपाशी तसंच करत होते तर सा.बा.नी विचारलं, "पोटात कळ येता काय गो?"

२८ जाने., बुध.

आज चौथी आली.

पार्वती. आमच्या वाडीत मासे घेऊन येते तीच. नवरा होडीवर. डॉ.बाईंकडे उरलेले बांगडे द्यायला आली होती, आम्ही एका पायावर लटपटत होतो. झापाच्या फटीतून बघत राहिली. डॉ.बाईंनी विचारलं, "काय बघतेस? ये की आत."

"ह्यां कित्याक करतत?" तिनं मला विचारलं.

"तोल जाऊ नये म्हणून."

"तोल खंय जाता?" म्हणाली. पाटी खाली ठेवली, विहिरीवर हातपाय खसाखसा धुतले, आली आणि उभी राहिली. एक पाय दुसऱ्याच्या मांडीला टेकवला, हात वर जोडले. कासोटा घातलेला, त्यामुळे पातळ कुठे अडत नाही. मान सरळ, पाठ सरळ. आम्ही मोजत राहिलो. साठ झाले, सत्तर झाले. डॉ.बाईंनी मोजणं सोडून दिलं.

"पाटी डोक्यार घेवन पुळणीतून चलतंय. हय पाटी तरी खंय आसा?"

डॉ.बाई म्हणाल्या, शनिवारपासून तू यायचंस. पार्वतीनं मान डोलावली. पण गोदाक्कांनी आपली चटई उचलून दोन हात लांब नेली. माशांचा वास. पार्वतीनं पाहिलं. मीही पाहिलं. बोलले नाही. चौथीच्या मुलींना मी रोज काय काय सांगत असते, आणि आज बोलले नाही. नोंद असावी.

३१ जाने., शनि.

पार्वती आली. आंघोळ करून, डोक्यात अबोली माळून. मी माझी चटई तिच्या चटईला लावून घातली. एवढंच केलं.

२ फेब्रु., सोम.

आजपर्यंत डॉ.बाई शेवटी "जरा पडा" म्हणायच्या, आज नीट शिकवलं. उताणं निजायचं. पाय सैल, हात सैल, तळवे आभाळाकडे. पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सोडत वर यायचं. काहीही करायचं नाही. याला शवासन म्हणतात.

काहीही करायचं नाही हे सर्वांत कठीण. भात शिजत टाकायचा राहिला, वह्या तपासायच्या राहिल्या, यांचं (मुंबईला, गोदीत कारकून) पत्र आलं नाही. एकेक डोक्यात येतंय. मग कधीतरी येईनासं झालं. माडाच्या झावळ्यांचा आवाज तेवढा. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानात जायला लागलं. दुःख काही नव्हतं. थांबेना.

उठल्यावर पाहिलं तर विमलचेही डोळे लाल.

५ फेब्रु., गुरु.

विमलनं घरी आसनाचं नाव सांगितलं. तिच्या सासूनं विहिरीवर सांगितलं. विहिरीवरून आमच्या घरी यायला दहा मिनिटं लागली असतील.

शाळेतून आले तर सा.बा. दारातच.

"काय गो, थंय मढां होऊन पडतास तुमी? कुंकू लावलेल्यो बायलो?"

म्हटलं, आई, नुसतं नाव आहे ते.

"नावच वायट! माझो झिल तिकडे मुंबयत, गोदीत, डोक्यावरसून वझी जातत. आनी तू हय मढां करतंस!"

सा.बा.ना राग आला नव्हता, भीती वाटत होती. सहा मुलांतला हा एकच वाचलेला.

गोदाक्का येणार नाहीत, निरोप आला. विमललाही बंदी.

६ फेब्रु., शुक्र.

आजचं लिहिताना हसू येतंय आणि राग पण.

सा.बा.ना लिहिता येत नाही. त्यांची पत्रं मीच लिहिते. आज जेवणानंतर कार्ड आणून समोर ठेवलं. "लिव. झिलाक."

लिहायला घेतलं. "तुझी बायल..." सा.बा. सांगू लागल्या, "रोज सांजचा डॉक्टरणीकडे जाता."

"रोज नाही, आठवड्यातून तीनदा," मी म्हटलं.

"बरां, तीनदा लिव. थंय ती मढां होऊन पडता. मी सांगलंय, आयकणा नाय."

"ऐकत नाही असं कुठे? तुम्ही काल तर सांगितलंत."

"बरां. आयकणा नाय ह्यां लिवू नको. पण मढां लिव."

लिहिलं. माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याच अक्षरात, शुद्धलेखनासकट. खाली सा.बा.नी विचारलं, "लिवलंस मां समदा? वाच." वाचून दाखवलं. एक शब्द बदलला नाही. उत्तर येईपर्यंत जायचं नाही, असं मीच कबूल केलं. पेटीत कार्ड टाकायलाही मीच गेले.

९ फेब्रु., सोम.

साडेपाच वाजले. घरी आहे. काल विमल बाजारात भेटली, कुजबुजली, "बाई, मी आतल्या खोलीत कडी लावून करते."

डॉ.बाईंकडे आज एकटी पार्वती गेली असणार.

१२ फेब्रु., गुरु.

सुट्टी होती. सकाळी पार्वती मासे घेऊन आली.

"बाई, वर्गात दिसूक नाय तुमी?"

मी उत्तर द्यायच्या आत सा.बा. आतून: "ती येवची नाय. आमच्या घरात घोव जिवंत आसताना बायलो मढ्यासारख्यो पडनत नाय!"

पार्वतीनं पाटी उतरवली. पदरानं तोंड पुसलं आणि पायरीवर बसली. मी दाराशी उभी. पुढचं जसंच्या तसं लिहिते.

"काकी, माझो घोव रोज फाटफटी होडी घेवन जाता. येयसर माझा काळीज थाऱ्यार नसता. मी थंय मढां होऊन पडान?"

"मगे काय करतंस थंय?"

"मी होडी करतंय."

"होडी?"

"होडी समुद्रातसून येता. समदी मिळान ती पुळणीर वढून घेतत. मगे ती थंय पडान रवता. रिकामी. उद्या परत जावची आसता म्हणान पडता. ती काय मेली?"

सा.बा. बाहेर येऊन दाराशी टेकल्या.

"आनी आयका. पाटी खाली ठेवलंय तरी माका ती डोक्यार आसाच असां वाटता. घराकडे, चुलीकडे, निजतानासुद्धा. थंय खळ्यात पडलंय काय उतारता. पाच मिन्टां. तितकीच."

सा.बा. पाटीपाशी वाकल्या. मग म्हणाल्या, "बांगडे ताजे आसत मां?"

घेतले. नेहमीपेक्षा जास्त घेतले.

१३ फेब्रु., शुक्र.

सा.बा. दुपारी भांडी घासताना आपल्याशीच: "होडी म्हणता."

२० फेब्रु., शुक्र.

उत्तर आलं.

सा.बा. समोर बसल्या, वाचायला मीच. आधी मनात वाचून घेतलं. हवं ते वाचून दाखवता आलं असतं, त्यांना काय कळणार होतं. पण सरळ वाचलं. प्रकृती ठीक, खोलीत ढेकूण झालेत, तीनेक महिन्यांत बोटीनं वेंगुर्ल्यास उतरेन. आणि शेवटी: "आसनांविषयी मला इथून काय समजणार? मे महिन्यात येईन तेव्हा पाहू. तोवर आईचे मन राखावे."

संपलं सगळं, असं वाटलं. घडी घालायला लागले.

सा.बा.: "काय म्हणता? मन राखूचा?"

"हो. तुम्ही म्हणाल तसं."

"तेका तिकडे बसान काय ठावक माझ्या मनात काय आसा तां?" मग जरा वेळानं, "माका तरी खंय ठावक. न बगता कशी सांगतलंय? फाल्यां मी येतंय वांगडा. बगतंय."

२१ फेब्रु., शनि.

सा.बा. नव्या लुगड्यात. वय सत्तर. डॉ.बाईंनी खुर्ची दिली. विमल पण आलेली, कारण "बाईंच्या सा.बा. जातात मग मला का नाही" असं ती घरी म्हणाली आणि चाललं.

पहिली पंधरा मिनिटं शेरे.

"गो विमल, तुझो पाय थरथरता. माझो नाय."

"आजी, तुम्ही बसलाय!"

"पार्वते, तू बरां करतंस. प्रमिले, तू पोट आत घी." (हो, मी. सगळ्यांसमोर.)

डॉ.बाई हुशार. म्हणाल्या, "आजी, तुम्ही तिथेच बसून हात वर करा बघू. श्वास घेत वर, सोडत खाली." सा.बा.नी केलं. परत केलं. मोजायलाही लागल्या.

शेवटी डॉ.बाई म्हणाल्या, "आता पार्वती म्हणते ती होडी." शवासन हा शब्द उच्चारला नाही. आम्ही पडलो. मी एक डोळा किलकिला ठेवला होता. सा.बा. खुर्चीवरून उतरल्या, गोदाक्कांच्या रिकाम्या जागेवर हळूच बसल्या, मग कोपरावर, मग पाठ टेकली. लुगडं पायांवर सारखं केलं. तळवे आभाळाकडे.

आणि घोरायला लागल्या.

डॉ.बाईंनी "उठा" म्हटलंच नाही. कुणाची हिंमत होईना. डॉक्टर दवाखान्यातून आले, खळ्यात चार बायका उताण्या पडलेल्या पाहिल्या, चपला हातात घेऊन मागच्या दारानं आत गेले. दिवेलागण झाली तशी सा.बा. जाग्या झाल्या. इकडे तिकडे पाहिलं.

"कोण हाक मारल्यान माका?"

कुणीच नाही.

रस्त्यात माझा हात धरून चालत होत्या. विहिरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "लगीन होऊन इलंय तेव्हापासून दिवसाउजेडी आडवां पडाक माका कोणी दिल्यान नाय. मी पण तुका दिलंय नाय."

मग घराच्या पायरीवर, अगदी सहज: "ती डॉक्टरीण पाच म्हयन्यांची गरोदर आसा. तुमका दिसला नाय?"

दिसलं नव्हतं. पाटावर बसून शिकवतात त्याचं कारण हे! महिनाभर समोर बसून दिसलं नाही आम्हाला.

२५ फेब्रु., बुध.

सा.बा.नी काल गोदाक्कांच्या दुकानावर तेल घेण्याच्या निमित्तानं अर्धा तास सभा भरवली. शब्दशः काय म्हणाल्या माहीत नाही, पण आज गोदाक्का आल्या. जागा एकच उरलेली, पार्वतीच्या बाजूची. गोदाक्का उभ्याच. पार्वतीनं आपली चटई उचलली, लांब न्यायला. तेवढ्यात सा.बा. खुर्चीवरून: "खंय चललंस गो? थंयच रव."

मी या वेळी गप्प बसले नाही. म्हटलं, "गोदाक्का, तुमचा तोल जातो. पार्वतीच्या शेजारी असलात तर धरायला होईल."

गोदाक्का लाल झाल्या. चटई घातली. एका पायावर उभं राहताना व्हायचं तेच झालं, आणि पार्वतीनं दंडाला धरून त्यांना उभं ठेवलं. मी साठपर्यंत मोजलं. गोदाक्का साठ मोजेपर्यंत उभ्या राहिल्या! जन्मात पहिल्यांदा, म्हणाल्या.

जाताना पार्वतीला विचारत होत्या, फाल्यां काय मासळी हाडतंस?

११ मार्च, बुध.

शाळेत खडू पडला. उचलला. दोन ओळी लिहून झाल्यावर लक्षात आलं, उचलला.

बाकी फार बढाया नकोत. पाय पसरून पुढे वाकलं की हात अजून घोट्यांपर्यंतच पोचतात. अंगठे चार बोटं लांब. पहिल्या दिवशी गुडघ्यांवरच अडले होते. विमलचं कपाळ गुडघ्याला लागतं, पण ती वीस वर्षांची. डॉ.बाई म्हणतात दुसरीच्या चटईवर बघायचं नाही. जमत नाही. बघते.

रात्री झोप लागते मात्र. पडले की सकाळ.

१८ मार्च, बुध.

भुजंगासन. पालथं निजून नुसती छाती उचलायची. गोदाक्का म्हणाल्या, "माझो भुजंग फणा काढणा नाय." सा.बा. खुर्चीवरून: "फुरशां आसात तां! तेका फणा खंय?"

वर्ग दहा मिनिटं बंद.

२८ मार्च, शनि.

शिमग्याची गडबड संपली. आज डॉ.बाईंनी सांगितलं. सहावा संपत आला, बाळंतपणासाठी मिरजेला जायचं. भाऊ न्यायला येणार आठ एप्रिलला.

"परत कधी?" विमल.

"चार महिने तरी. पावसात रस्ते कसे असतील कोण जाणे. कदाचित गणपतीपर्यंत." मग म्हणाल्या, "खळं तुमचंच. बंद करू नका."

होडीत पडलो तेव्हा कुणाचा तरी हुंदका. माझाच असेल.

५ एप्रिल, रवि.

आजचा दिवस सोन्याचा.

डॉ.बाईंचं डोहाळजेवण. होडीतलं करायचं हे सा.बा.नी ठरवलं. होडी पार्वतीच्या नवऱ्याची, खरीखुरी, पुळणीवर ओढून ठेवलेली. त्यानं आदल्या दिवशी घासूनपुसून घेतली, आणि स्वतः लाजून माडाच्या बुंध्याआड जाऊन बसला. आम्ही होडीला केळीचे खांब बांधले, अबोलीच्या माळा सोडल्या. डॉ.बाई हिरव्या साडीत, मधोमध, पाय पसरून. पुढे नाळेवर पार्वती, मागे सा.बा. वल्हं धरून. सत्तर वर्षं समुद्राकाठी राहून पहिल्यांदा होडीत बसल्या म्हणाल्या.

गोदाक्कांनी सात प्रकार करून आणलेले. मी खांडवी. ओटी भरताना डॉ.बाई सगळ्यांना म्हणाल्या, "मी इथे आले तेव्हा माझी एकीशीही ओळख नव्हती. दिवस जायचा नाही. वर्ग मी तुमच्या कंबरेसाठी काढलाच नव्हता मुळी."

"मगे कित्याक?" पार्वती.

"कुणी घरी यावं म्हणून."

तेवढ्यात भरतीची लाट पुढे आली, होडीची मागची बाजू हलल्यासारखी वाटली, सा.बा. ओरडल्या, "धरा गो! चलली!" सगळ्याजणी कडेला लोंबकळलो. होडी हललीसुद्धा नव्हती. पुळणीवर पोरंटोरं जमून हसत होती. हसू दे.

८ एप्रिल, बुध.

गेल्या. सकाळच्या एस.टी.नं. चौथ्या बाकावरून हात खिडकीबाहेर काढून "श्वास, श्वास!" असं ओरडत गेल्या. कंडक्टर बघतच राहिला.

११ एप्रिल, शनि.

वर्ग भरला नाही. गेलो सगळ्या, खळ्यात बसलो, डॉ.बाईंच्या आठवणी काढल्या, डॉक्टरांनी स्वतः चहा केला (वाईट होता), परत आलो. पाटावर कोण बसणार यावर अडलं. पार्वती म्हणे, "बाईंका समदी नावां ठावक." मी म्हटलं, "आसनं तुला जमतात. मला अंगठे धरता येत नाहीत." पार्वती म्हणे, मी मासळीवाली, मी पाटार बसलंय तर लोक काय म्हणतीत? गोदाक्का म्हणाल्या, "काय म्हणतीत? म्हणांदेत!" गोदाक्का!

पण ठरलं नाही. यांचंही पत्र आलंय. १२ मेला उतरतील. "तुमचा तो वर्ग मला पाहायचा आहे, आईने पत्रात फार वर्णन लिहिवले." वर्णन मीच लिहिलं होतं, सा.बा.नी सांगितलेलं. यांना तो वर्ग आवडेल की नाही, काही सांगता येत नाही. आणि तेव्हा वर्ग असेल का तेही.

१३ एप्रिल, सोम., सव्वापाच

थोडक्यात लिहिते, निघायचंय.

काल बाजारात दोघीजणी विचारत होत्या, एक वाडीतली, एक शाळेतल्या मुलीची आई. आम्ही आलो तर चालेल काय? काय करायचं असतं? दुखतं काय? मला नीट सांगता आलं नाही. नुसतं हो हो म्हणत राहिले. सांगायला हवं होतं की दुपारनंतर जड खाऊन येऊ नका. काष्टा घाला, नाहीतर पातळ सैल नेसा. दुसऱ्या दिवशी उठवणार नाही, घाबरू नका, चार दिवसांत जातं. काही जमणार नाही, त्याचं काही नाही. कुणी बघतं का? बघतात. मीच बघते. पण कुणी काही म्हणणार नाही. आणि शेवटी आडवं पडल्यावर डोळ्यांतून पाणी आलं तर ते येऊ द्यायचं, कुणाला सांगावं लागत नाही.

एवढं सगळं सांगितलं असतं तर त्या आल्या असत्या का, की घाबरल्या असत्या?

पाटावर कोण बसणार ते अजून ठरलेलं नाही. पार्वती म्हणाली आज तिथेच ठरवू. मला वाटतं दोघींनी मिळून...

सा.बा. नेसून, अंबाडा घालून दारात उभ्या. खुर्ची नको म्हणतात आता, चटई काखेत मारली आहे.

"लिवत काय बसलंस गो? थंय खळ्यात बायलमाणसां येवन उबी आसत."

विचारलं किती आल्यात.

"माका मोजूक येता? तूच येवन बग."

जाते.